आकूमावशीने पाणी दिलं नाही

इंग्रज आणि फ्रेंचांनी आफ्रिकेतलं आमचं टोगोलँड वाटून घेतलं, तेव्हा आकूमावशीचं माहेर सीमेपलीकडे गेलं. तिची आई वारली तेव्हा सीमेवरच्या शिपायांनी तिला मातीलाही जाऊ दिलं नाही.

पुढे समाजाचा अभ्यास करणारे एक साहेब आले. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, "इथे सगळं ठीक आहे" म्हणायचं आणि दुःख सावकाश काढायचं, ही आमची रीत. साहेबांनी घरोघरी तेवढं पहिलं वाक्य लिहून घेतलं आणि उठले. अहवालात आलं, लोकांची सीमेबद्दल तक्रार नाही.

संयुक्त राष्ट्रांचं मंडळ सीमेची चौकशी करायला आलं ते तोच अहवाल हातात घेऊन. पाणी द्यायचं काम मावशीकडे होतं. तिने तांब्या खाली ठेवला.

"इथे काहीही ठीक नाही. मला माझ्या आईला माती देता आली नाही."

दुभाष्या कोमला चाचरला. "मावशी, आधी रीतीचं बोल ना."

"रीतीचं बोलले, तेच माझ्या गळ्यात बांधलंय यांनी. जसंच्या तसं सांग, नाहीतर तुझ्या आईला सांगेन तू कुणाची हुजरेगिरी करतोस ते."

त्याने सांगितलं. साहेबलोक मान हलवून पुढच्या गावाला गेले. सीमा आहे तिथेच आहे. देव त्यांना क्षमा करो. माझ्याच्याने अजून होत नाही.