पोपट भोईरचं गोड्या पाण्याचं इंजिन

पोपट भोईरच्या होडीचं इंजिन माझ्या हातून बंद पडलं, आणि तेही मी चांगुलपणा करायला गेलो म्हणून. वाईटपणा करायला गेलो असतो तर ते बहुधा वाचलं असतं, कारण वाईट काम करताना मी फार जपून वागतो.

मी डोंबिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीला ‘उष्णता’ हा धडा मीच घेतो, हे नंतर लोकांनी मला पुष्कळदा ऐकवलं. मूळचा संगमनेरचा. इथे आलो तेव्हा रविवार खायला उठायचा, म्हणून भाताच्या बांधावरून चालत मोठागावच्या खाडीवर जायला लागलो. तिथे काठावर एक चाळिशीचा किडकिडीत माणूस एका इंजिनाच्या पोटाला हाताचा तळवा लावून, डोळे मिटून बसलेला दिसला. वैद्य नाडी बघतात तसा. तो पोपट.

लढाईच्या काळात पोपटने चार वर्षं बसऱ्याला सरकारी होड्यांवर काढली होती. परत आला तो एक खाकी अर्धी चड्डी आणि इंजिनाचं वेड घेऊन. कल्याणच्या लष्करी छावणीतला माल लिलावात निघाला तेव्हा होडीच्या मागे लावायचं एक इंजिन त्याला मिळालं. त्यासाठी त्याने होडीचं शीड आणि डोलकाठी दोन्ही मेव्हण्याला, आनंदाला, विकून टाकली. गावाच्या मते हे म्हणजे पाय विकून जोडे घेण्यातलं होतं. आनंदाने ते शीड आपल्या होडीवर चढवलं आणि रोज संध्याकाळी तो समोरून जाता जाता विचारायचा, “भावोजी, बोकडाला पानी पाजलं का?”

बोकड म्हणजे इंजिन. आवाज आणि वास या दोन्ही बाबतींत नाव चुकीचं नव्हतं.

पाणी मात्र खरोखरच पाजावं लागे. हे इंजिन चालताना खाडीचंच पाणी आत ओढून स्वतःला गार ठेवतं. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या वर एक चाळणी असते, तिच्यातून पाणी आत जातं. आतलं रबराचं छोटं चक्र ते वर ढकलतं, आणि तापलेलं पाणी मागच्या भोकातून करंगळीएवढ्या धारेने बाहेर पडतं. धार आहे तोवर काळजी नाही. पण खाडीचं पाणी खारं. ते आतल्या वाटांमध्ये वाळलं की मिठाचे थर बसतात आणि वाटा बुजतात. म्हणून रोज संध्याकाळी इंजिन होडीवरून उतरवायचं, पंखा काढून ठेवायचा, इंजिनाचा पाय अर्ध्या कापलेल्या पिंपात सोडायचा, पिंप गोड्या पाण्याने भरायचं आणि पाच मिनिटं इंजिन चालवायचं.

पिंपाला चार हंडे लागत. गोडी विहीर अर्ध्या मैलावर. हंडे आणायची ती पोपटची बायको रखमाबाई. विहिरीवरच्या बायका तिला म्हणायच्या, घरात सवत आणलीस गं, रोज तिच्या आंघोळीला चार हंडे! त्यावर रखमाबाई म्हणायची की सवत परवडली असती, ती आपलं पाणी आपण भरते. पण तिने एक दिवसही टाळाटाळ केली नाही. ती उन्हाळ्यात मासे खारवायची, त्यामुळे मीठ काय करतं हे तिला नवऱ्याआधी कळलं होतं. मला एकदा म्हणाली, “मिठात मासली टिकते मास्तर, लोखंड नाय टिकत.”

आता माझ्या चांगुलपणाकडे येतो.

पलीकडच्या काठाला वांगी, मेथी, मुळा यांचे मळे आहेत. तो माल सकाळच्या गाडीने दादरच्या बाजारात जायला हवा, पण शिडाची होडी वारा आणि ओहोटी यांच्या मर्जीने चालते. निम्म्या वेळा माल डोंबिवली स्टेशनात पोचतो तेव्हा गाडी गेलेली असते. मळेवाल्यांचा म्होरक्या महिपत पाटील. त्याने पोपटला सांगितलं होतं की सोमवारपासून आठ दिवस माल तुझ्या होडीत घालतो. एकही गाडी चुकली नाही तर हंगामभर तूच. चुकली तर सगळा माल आनंदाच्या होडीत. आणि तसं झालं तर शीड नसलेल्या पोपटला आनंदाच्याच होडीवर वल्हं मारायला जावं लागणार होतं. मेव्हण्याच्या हाताखाली! बसरा पाहिलेल्या माणसाला!

गुरुवारी संध्याकाळी इंजिन उतरवून पिंपात सोडलं आणि पोपट हेच बोलणं पक्कं करायला दुसऱ्याच्या होडीतून पलीकडे गेला. जाताना इंजिनाला पाणी दाखवायचं काम मी मागून घेतलं. आठ वेळा बघितलं होतं. त्यात काय शिकायचं? रखमाबाईने दोन हंडे आणून ओतले. ऊन उतरलं होतं, तिच्या पायाला काटा लागला होता, आणि ती पुन्हा चुंबळ डोक्यावर ठेवून निघाली. मला कसंसंच झालं. मी म्हणालो, राहू द्या वहिनी, एवढ्यात भागेल. पाणी फिरतंच आहे, तर तेच तेच पाणी पुन्हा फिरेल, असा माझा शास्त्रीय विचार होता. ती जरा घुटमळली. पण मी मास्तर.

दोन हंड्यांत पाणी चाळणीच्या खालीच राहिलं. मी दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. मागून धार येत नव्हती. मला वाटलं, पाणी कमी म्हणून धार कमी. मग जळक्या रबराचा वास आला. मला वाटलं, कुणीतरी शेजारी टायर जाळतंय. मग आतून दात खाल्ल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन थांबलं. त्यानंतर मला काहीच वाटलं नाही.

पोपट आला. त्याने सवयीने तळवा लावला आणि झटक्यात काढून घेतला. मग पिंपात वाकून पाहिलं, बोटांनी पाण्याची उंची मोजली, आणि खाली बसला. बोलली ती रखमाबाई, आणि तिला बोलायचा हक्क होता.

“दोन हंडे माझ्या डोक्यावरचे होते, मास्तर. तुमच्या डोक्यावर कुटं होते?”

शुक्रवारी सकाळी शाळेआधी मी जाऊन हजर झालो. पोपटने इंजिनाचं डोकं उघडलं होतं. आतला दट्ट्या तापून फुगला होता आणि तिथेच धरून बसला होता. पोपटने त्यावर घासलेट ओतलं आणि म्हणाला, आता थांबायचं. ठोकायचं नाही. बसऱ्याला एका साहेबाने हातोडा घेतला होता, ते इंजिन अजून तिथेच आहे. दिवसभर आणि रात्रभर ते घासलेट आत झिरपत राहिलं, आणि शनिवारी दुपारी पोपटने दोन्ही हातांनी चाक फिरवलं तेव्हा दट्ट्या कुरकुरत का होईना, सुटला. आत फार ओरखडे नव्हते. पोपटने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

राहिलं रबराचं चक्र. त्याच्या पाकळ्या जळून काजळी झाल्या होत्या. सुटा भाग मिळायला मुंबई पालथी घालावी लागली असती, आणि मिळालाच असता याची खात्री नव्हती. टायरचं रबर घ्यावं तर त्यात कापडाचे थर. पोपट विचार करत खाली बघत होता. बघता बघता त्याची नजर माझ्या बुटांवर थांबली.

ते बूट मी दिवाळीत घेतले होते. टाचा भरीव रबराच्या, चांगल्या पाऊण इंच जाड.

स्टेशनाजवळ बसणाऱ्या विठ्ठल चांभाराने माझ्या टाचा काढल्या तेव्हा तो हसत नव्हता, एवढंच त्याच्याबद्दल कृतज्ञतेने सांगतो. पोपटने जुन्या चक्राचा सांगाडा पुढे ठेवला आणि विठ्ठलने रापीने डाव्या टाचेतून तसंच चक्र कापलं. पाकळ्या जाड राहिल्या. इंजिनातल्या त्याच्या खोक्यात बसवलं तर फिरेना. आता एकच टाच उरली होती. विठ्ठलने सांगाडा जिभेवर लावून भिजवला, उजेडात धरला, बराच वेळ पाहिलं आणि उजव्या टाचेतून दुसरं कापलं, पाकळ्या पानासारख्या पातळ ठेवून. ते फिरलं. रविवारी संध्याकाळी पिंपात चार हंडे पाणी पडलं. त्यातले दोन मी आणले. खांद्यावरून. डोक्यावर हंडा तोलणं हे विज्ञानाच्या बाहेरचं आहे. दोरी ओढली आणि मागच्या भोकातून धार आली. रखमाबाईने धारेत बोट धरलं आणि म्हणाली, कोमट हाय. कोमट म्हणजे ठीक.

सोमवारी उजाडताना पलीकडच्या काठावर भाजीच्या पाट्या होडीत चढल्या. महिपत पाटील स्वतः मालावर बसला. मला मागे इंजिनाशेजारी बसवलं होतं. काम एकच: धारेवरची नजर काढायची नाही आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही.

ओहोटी जोरात होती. खाडीच्या मधोमध धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग गेली. माझा अंदाज सांगण्याची ही वेळ नाही हे मला आता शिकवलं गेलं होतं. मी म्हणालो, “धार गेली.”

पोपटने त्याच क्षणी इंजिन बंद केलं आणि वर उचललं. चाळणीत गवत होतं, ते बोटाने निघालं. पण मागच्या भोकात जळक्या रबराचा जुना तुकडा येऊन अडकला होता. गवताची काडी घातली, मोडली. गळ घातला, वाकला. होडी ओहोटीबरोबर ठाण्याच्या दिशेने वाहत चालली होती. आणि मागून, आपली होडी रिकामी असूनही सहज म्हणून निघालेला आनंदा आला. शीड फुगलेलं. तमाशा बघायलाच आला होता, लपवतही नव्हता.

महिपत उठून उभा राहिला आणि म्हणाला, आनंदा, होडी बाजूला लाव, पाट्या बदलू.

आनंदाने होडी लावली. एका हाताने आमची कड धरली. पोपटने मान वर केली नाही. मोडलेल्या काडीने तो भोक टोकरतच राहिला. आनंदा ते बघत होता. हंगामभराचा माल त्याच्यापासून दोन हातांवर होता.

“काय पायजे?” त्याने विचारलं.

मीच म्हणालो, बारीक आणि टणक काहीतरी.

आनंदाने शिडाखाली हात घातला आणि शीड शिवायचं दाभण काढून पुढे केलं. “घ्या. घाला बोकडाच्या नाकात.”

दाभणाने तुकडा निघाला. दोरी ओढली, धार आली. इंजिन लागेपर्यंत आनंदा आमची होडी धरून होता. मग त्याने ती पायाने ढकलून दिली. गाडी मिळाली. त्यानंतरच्या सातही दिवशी मिळाली.

पुढे मी आनंदाला विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला की भावोजी माझ्या होडीवर वल्हं मारायला आले असते तर दिवसभर बसऱ्याच्या गोष्टी कुणी ऐकायच्या?

या सगळ्याला आता दोन महिने झाले. हंगाम पोपटकडे आहे. पुढल्या वर्षी दुसरी होडी घ्यायची म्हणतो, आणि ती चालवायला माणूस लागेल असं तो आनंदा ऐकेल अशा बेताने बोलतो. आनंदा हल्ली संध्याकाळी येतो, दाभण मागायला म्हणून. बसतो, चहा घेतो, इंजिन पिंपात असेल तर धारेत बोट धरतो, आणि तसाच जातो. दाभण पोपटने इंजिनाशेजारच्या फळीत खोचून ठेवलं आहे.

गेल्या रविवारी आनंदाच्या शिडाला कोपऱ्यात वीतभर फाटलेलं दिसलं. त्याने ते सुतळीने बांधलं होतं. मी पोपटला म्हणालो, अरे, आता तरी दे त्याचं दाभण त्याला.

“देऊ की,” पोपट म्हणाला. “येल तो उद्या.”