मावशीची हजेरी

"जातानी तकलीफ नोको," असं म्हणत मावशी चर्चच्या पायरीशी वाकायची आणि आत शिरलेल्या प्रत्येकाच्या चपला तोंड बाहेर करून लावून ठेवायची. उपासना संपली की नुसते पाय घालायचे आणि घरी निघायचं. मंगरूळपीर तालुक्यातली आमची मंडळी जेमतेम चाळीस माणसांची. त्यातल्या निम्म्यांना प्रवचन आठवत नसेल, पण मावशीनं लावलेल्या चपला कुणी विसरणार नाही. मीही त्या निम्म्यांतलाच, हे कबूल करून टाकतो.

मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. चपला मात्र ती घरागणिक ओळखायची. एखाद्या घरचा जोड दिसला नाही, की दुपारीच आंबाडीची भाजी आणि भाकरी बांधून त्यांच्या दारात उभी. "काहून नाही आले जी? तब्येत बरी हाये ना?" एकदा मी निव्वळ आळसानं घरी राहिलो होतो. भाकरी घेऊन आलेली मावशी बघितली आणि आपल्याला खरंच ताप यावा असं वाटलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सर्व संतांच्या रविवारी, वर्षभरात प्रभूत झोपी गेलेल्यांची नावं वाचायची आमच्याकडे पद्धत आहे. मी निवृत्त शिक्षक, म्हणून वाचन माझ्याकडे. नाव वाचलं की मेणबत्ती लागते आणि घरचं कुणीतरी उभं राहून म्हणतं, "हजर!" गेलेला माणूस अजून आपल्यातच आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही म्हणाल, हे कसले संत? कापूस वेचणाऱ्या बाया, गवंडी, उपासनेत डुलक्या घेणारे म्हातारे. आमचे संत हेच. ज्यांचं कुणी उरलेलं नसे, त्यांच्यासाठी दाराजवळून मावशी "हजर" म्हणायची.

तिचं स्वतःचंही कुणी नव्हतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गावोगावची खबर तिलाच असायची, म्हणून गेलेल्यांची नावं तीच मला सांगायची. एका वर्षी यादी संपल्यावर म्हणाली, "गुरुजी, माह्या वख्ती कोन म्हणन जी?" हसतच म्हणाली, पण नजर कागदावर होती. मी काहीतरी थातूरमातूर बोलून विषय बदलला. ते मला अजून लागतं.

त्याच यादीच्या तळाशी, शाळेतल्या सवयीनं, मी 'माहिती देणार' म्हणून तिचं नाव लिहिलं होतं. रविवारी नावं वाचता वाचता ओघात तेही वाचून गेलो. मग जीभ चावली. चांगल्या हिंडत्या-फिरत्या बाईला मी गेलेल्यांत बसवलं होतं.

"हजर!" दारातून खणखणीत आवाज आला. मावशी उभी होती, हातात कुणाची तरी चप्पल.

मग जे हसू फुटलं! पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तिच्याही नावानं मेणबत्ती लावली.

"मी कायची संत जी?" मावशी लाजली. "मले तं वचनबी वाचता येत नाही."

"संत म्हणजे देवाची माणसं, मावशी," पाळक म्हणाले. "तुम्ही नाही तर कोण?"

बाहेर आल्यावर मी माफी मागायला गेलो.

"कायले माफी, गुरुजी? मी गेल्यावर मांगून कोनी म्हणन, ना म्हणन. माह्यं मीच म्हणून घेतलं. आता फिकर मिटली."

त्या दिवशी ती इतकी खूश होती, की माझ्या चपला वळवायच्याच विसरली होती.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. दुपारी जरा अंग टेकलं, ती उठलीच नाही. जाताना तिला तकलीफ झाली नाही, एवढंच आमचं समाधान.

नोव्हेंबरात तिचं नाव यादीत आलं, या वेळी योग्य जागी. "हजर" मीच म्हणायचं असं ठरवून गेलो होतो. नाव वाचलं, कागदाची घडी केली आणि तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक आजोबा उठले. "हजर!" मग त्यांची सून. मग बायकांची अख्खी बाजू. एका सुरात नाही, एकामागून एक, दंगेखोर वर्गाची हजेरी चालावी तसं. पाळकसाहेब पेटवलेली मेणबत्ती हातात धरून थांबूनच राहिले. एकही माणूस बसून राहिलं नाही. माझा नंबर सगळ्यांत शेवटी लागला.

बाहेर आलो तर पायरीशी चपलांचा ढीग, सगळ्यांची तोंडं चर्चकडे. कुणाचाच पाय धड आत जाईना. आम्ही हसत हसत वाकलो आणि एकमेकांच्या चपला वळवायला लागलो.