स्लाव्हांच्या गढीत इराच्या हाती गाठोडं

फ्रँकफर्टजवळच्या आमच्या एश्बॉर्नहून पूर्व जर्मनीतलं लाउझित्स गाडीने सहा तास. माझी नणंद मेघना लाइपझिगला जुन्या हाडांतल्या डीएनएवर पीएचडी करते. "वहिनी, ती स्लाव्ह लोकांची गढी बघायला चलच," असा तिचा धोशा होता. शेवटी मी, नवरा निखिल आणि नऊ वर्षांची लेक इरा निघालो, वाटेत मेघनाला घेतलं. पोळीभाजी बरोबर ठेवा. हायवेवरच्या सँडविचचे भाव बघून भूकच मरते.

तिकडे गावांच्या पाट्या दोन भाषांत. वर जर्मन, खाली सोर्बियन, म्हणजे तिथल्या स्लाव्हांची. जेवायला उकडलेले बटाटे, चक्क्यासारखं क्वार्क आणि वरून जवसाचं तेल. शाकाहारी मंडळींनो, डोळे मिटून मागवा!

"आधी वाटायचं, नुसती भाषा पसरली असेल," मेघना जेवताना सांगत होती. "पण हाडं सांगतात, माणसंच आली पूर्वेकडून. चौदाशे वर्षांपूर्वी, बायकापोरांसकट."

"मग परत गेली?" इराने जर्मनमध्ये विचारलं.

"कुठली जातात! इथल्यांच्यात आहेत की अजून."

गढी लाकूडमातीची, गोल, नव्याने बांधलेली. आत मुलांचा खेळ चालला होता. काही मुलं 'इथली', काही 'बाहेरून आलेली'. गाईडबाईंनी सोनेरी केसांची पोरं चुलीपाशी बसवली आणि बाहेरून आलेल्यांचं गाठोडं थेट इराच्या हातात दिलं. न विचारता! वर म्हणे, "तुला हे छान जमेल."

माझं डोकंच फिरलं. "ही फ्रँकफर्टला जन्मलीय. तुम्ही कुठल्या?"

"मी? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच."

"मग तुमचेच पूर्वज गाठोडं घेऊन आले असतील," मेघना म्हणाली. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या.

निखिल माझी बाही ओढत होता, "जाऊ दे गं, खेळच आहे."

खेळ म्हणे! खेळातसुद्धा आम्हीच का बाहेरचे? तोवर इरा शहाण्यासारखी दाराबाहेर उभी राहून, आत कधी बोलावतात याची वाट बघत होती. ते बघून मला रडूच आलं.

गढी बघण्यासारखी आहे, जरूर जा. माझा संताप मात्र घरापर्यंत आला. रविवारी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. इराने मोडक्या मराठीत सगळं सांगितलं. त्या हसल्या. "बरोबरच आहे की! तू आपली पुण्याची."

"नाइन, नाही आजी. एश्बॉर्न."

"ते राहायला गं. मूळची कुठली?"

इराने माझ्याकडे बघितलं. सासूबाईंपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता, तो चढला. "आई, ती एश्बॉर्नची म्हणतेय ना? मग ती एश्बॉर्नचीच!"

त्यांनी फोन ठेवला. त्या दुखावल्या याचं वाईट वाटतंय. पण शब्द मागे घेणार नाही.