लाल फुलीचा टू-सीटर

कुणाच्याही घरी गेले की काका बसण्याआधी खुर्ची उलटी करून बघत. यजमान पाण्याचा ग्लास घेऊन उभे, आणि हे वाकून खुर्चीच्या पोटाशी मोबाइलचा टॉर्च मारतायत. "वरून सगळ्याच बऱ्या दिसतात," असं म्हणत ती सरळ करायची आणि मग टेकायचं. काकू तेवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत.

नोकरी अंगात मुरलेला असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचे काका दिल्लीत आर. के. पुरमला आमच्याच खालच्या क्वार्टरमध्ये राहत. त्यांच्या सरकारी कचेरीत फर्निचर त्यांच्या ताब्यात होतं. कुठलं टेबल अजून चालेल आणि कुठलं कंडेम करून लिलावात काढायचं, हे ते ठरवत. कंडेम मालाच्या तळाला स्वतःच्या हातानं लाल फुली मारत आणि शेजारी आपली आद्याक्षरं लिहीत. "मारलेली फुली कधी पुसली नाही," हे त्यांच्याकडून मी निदान शंभरदा ऐकलं असेल.

मला जुन्या पद्धतीच्या, दोघांपुरत्या सोफ्याचं वेड लागलं तेव्हा साहजिकच मी त्यांना सोबत घेतलं. गाडी माझी, नजर त्यांची. थंडीतले कितीतरी रविवार आम्ही जुन्या फर्निचरच्या गल्ल्यांत घालवले. दुकानदार "लव सीट है, मैडम" म्हणाला की काकांचे कान लाल होत. "भैया, टू-सीटर बोलो," ते त्याला दटावत.

काय काय शिकवलं त्यांनी. जुन्या लाकडात चकचकीत नवे खिळे दिसले की समजायचं, लाकूड चहाच्या पाण्यानं म्हातारं केलंय. खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला की आत कीड आहे. मी मात्र कोरीव मोरांवर भाळले आणि त्यांचं न ऐकता एक सोफा उचलला. पंधरा दिवसांत मोरांच्या पायाशी भुसा पडायला लागला. काकांनी तो पाहिला आणि नुसते "अच्छा" म्हणाले. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

माझी खरेदी झाली तरी रविवार चालूच राहिले, कारण काकांनाही टू-सीटर हवा होता. त्यांच्या खिशात सुतळीचा एक तुकडा असे आणि त्याला एक गाठ. ती काकूंच्या गुडघ्याची उंची होती. काकूंच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. आदल्या वर्षी एकीच्या घरी हळदीकुंकवाला त्या गुबगुबीत सोफ्यात बसल्या आणि रुतल्या. दोघींनी दोन्ही हात धरून त्यांना ओढून काढलं. सगळ्या हसल्या, काकूही हसल्या. त्यानंतर त्या कुणाकडे गेल्या नाहीत. घरी कुणी आलं तरी कोपऱ्यातल्या उंच स्टुलावरून बोलायच्या. "तिला तिचं तिला उठता आलं पाहिजे," काका म्हणत, "बाकी काही नको मला."

आणि एका रविवारी तो सापडला. शिसवी, वेताच्या पाठीचा, दोन्ही बाजूंना रुंद, घट्ट हात. सुतळी लावली, तर गाठ बरोबर बैठकीच्या कडेला आली. काका माझ्याकडे बघून चक्क हसले. मग सवयीनं त्यांनी तो उलटा केला.

तळाला लाल फुली होती आणि शेजारी त्यांचीच आद्याक्षरं.

"अंग्रेज़ों के ज़माने का पीस है, साहब," दुकानदार म्हणाला.

"मेरे ज़माने का है," काका म्हणाले आणि खालीच बसले. मागचा पाय तडकला होता म्हणून कित्येक वर्षांपूर्वी त्यांनीच तो बाद केला होता. पुढे कुणीतरी तो पाय सुरेख बदलला होता.

मी म्हटलं, "घेऊन टाका, काका."

"कसा घेऊ? लोक म्हणतील, आधीच डोळा ठेवून कंडेम केला."

"इतक्या वर्षांनी कोण बोलणार आहे?"

"मी आहे ना."

आम्ही रिकाम्या हातानं परतलो. मला इतका राग आला होता की धौला कुआँच्या चौकात मी उगाचच हॉर्न वाजवत राहिले. माणसानं सरळ असावं, पण इतकं? घरी पोचताच मी काकूंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "त्यांना जरा वेळ दे. ते अर्ज करतील."

खरंच त्यांनी अर्ज केला. सदर टू-सीटर आपण पूर्वी निकाली काढला होता, आता तो खुल्या बाजारातून घेण्याचा विचार आहे, तरी हरकत असल्यास कळवावे, असा. तीन प्रती. कचेरीतल्या पोरांना काही कळेना, पण त्यांनी पोचेचा शिक्का मारून दिला. पंधरा दिवस काकांनी उत्तराची वाट पाहिली. हरकत कुणाची आली नाही. मग आम्ही जाऊन सोफा आणला.

निवृत्तीनंतर ते दोघं फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, सोफाही गेला. मी गेले की दोघं त्यावर शेजारी शेजारी बसलेले दिसत. काका हौसेनं म्हणत, "अगं, तिला दाखव ना." काकू लटक्या रागानं डोळे वटारत, पण उठून दाखवत.

गेल्या श्रावणात काका गेले. दोन दिवसांचा ताप, एवढंच.

परवा काकूंकडे गेले होते. त्या आपल्या बाजूला बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्र होतं. बोलता बोलता मला उमगलं की काका त्या थंडीत दोघांची जागा शोधतच नव्हते. एकटीची शोधत होते. मला ते आधी कळायला हवं होतं.

निघताना मी सवयीनं हात पुढे केला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. दोन्ही तळवे आपल्या बाजूच्या रुंद हातावर ठेवले, थोड्या पुढे झुकल्या आणि उभ्या राहिल्या. सावकाश माझ्यामागून दारापर्यंत आल्या.

"दार लावायला आता मलाच यावं लागतं," त्या म्हणाल्या. मी लिफ्टपाशी उभी होते तेव्हा आतून कडी लागल्याचा आवाज आला.