कोळ्याचा डावा हात

आमच्या ह्यांना डावं-उजवं कळत नाही. टॅक्सीवाल्याला "डावीकडे घ्या" म्हणतात आणि हात उजवीकडे करतात. लग्नात माझ्या वडिलांनी घड्याळ दिलं, तेव्हापासून जरा बरं आहे. घड्याळाचा हात तो डावा, एवढं पक्कं झालंय. घड्याळ दुरुस्तीला टाकलं की आठवडाभर घरात नुसता सावळागोंधळ. आणि असा हा माणूस एकतीस वर्षांहून जास्त संग्रहालयात कोळ्यांची चित्रं काढत होता, पायावरच्या केसान् केसासकट. कसं जमतं ते मला अजून कळलेलं नाही.

कोळी पण कसले, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले. झाडाचा चीक ओघळतो, त्यात कोळी अडकतो, पुढे त्या चिकाचाच पिवळा दगड होतो. त्याला अंबर म्हणतात. हे तो दगड भिंगाखाली ठेवून चित्र काढायचे, वर्णन लिहायच्या त्या डॉक्टर मॅडम. आधी त्यांच्या जागी एक सर होते. छापताना नाव यायचं ते सरांचं, नंतर मॅडमचं. चित्राखाली ह्यांचं नाव एकदाही आलं नाही. ह्यांना त्याचं काही वाटत नाही म्हणे. मला विचाराल तर, चांगलंच सलतं.

म्हणून गेल्या वर्षी हे घरी येऊन म्हणाले, "नवीन जात सापडलीय. मी रिटायर होतोय ना, तर मॅडम त्या कोळ्याला माझं आडनाव देतायत," तेव्हा मी शिलाई मशीन थांबवलं. एका किड्याला आपलं नाव दिलं तर खूश व्हायचं की रागवायचं, हेच आधी सुधरेना.

"किडा नाही गं. आठ पाय असतात त्याला."

आठ तर आठ. मी बहिणीला फोन केला, शेजारणीला सांगितलं, कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आता कोपऱ्यातली जाळी काढू नका, भाऊबंद आहेत." म्हणू देत. मला ते नाव छापलेलं बघायचं होतं.

मग एका संध्याकाळी हे प्रुफं घेऊन आले. शेजारी शेजारी दोन चित्रं, एक जुन्या जातीचं, एक आपल्या नव्या. मला समजावायला बसले. नराच्या तोंडापाशी दोन आखूड हात असतात, त्याच्या टोकाला केसासारखा काटा गोल वळलेला. जात ओळखायची ती त्या वळणावरून. चित्र नेहमी डाव्या हाताचं काढायचं, तसा नियमच आहे. डावा झाकलेला असेल तर उजवा बघायचा आणि आरशात दिसतो तसा उलटवून काढायचा. जुन्या जातीत वळण घड्याळाच्या काट्यांसारखं, आपल्यात उलटं. म्हणून आपली जात नवी.

माझ्या हातात कात्री होती, पुढ्यात शर्टाच्या कापलेल्या बाह्या. मी म्हटलं, "अहो, ही तर एकाच शर्टाची डावी आणि उजवी बाही."

गंमत केली होती मी. हे हसले नाहीत. त्यांनी जुन्या चित्राचा कागद उचलला, उलटा केला आणि दिव्यासमोर धरला. वळण हुबेहूब आपल्या कोळ्याचं. मग त्यांनी कोपऱ्यातली तारीख बघितली. मीही बघितली. आमच्या लग्नाआधी चार महिने. तेव्हा हे नोकरीला नवे होते आणि मनगटावर घड्याळ नव्हतं.

"त्या दगडात डाव्या हातावर बुडबुडा होता," हे म्हणाले. "मी उजवा बघून काढला. उलटवला होता गं. बहुतेक."

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. कोणी सांगितला होता शहाणपणा? मी म्हटलं, "इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आता तरी कशाला येतंय? जाऊ द्या."

हे खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. घड्याळ काढलं, उजव्या हातात घातलं, पुन्हा डाव्या. मग माझ्यापुढे येऊन बसले. "माझं डोकं चालत नाहीये. तू बाह्या कापतेस. तूच सांग, दोन शर्ट आहेत की एकच?"

मी दोन म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. ह्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता आणि छापून आलं असतं आमचं आडनाव. पण जन्म गेला माझा बाह्या कापण्यात.

"एकच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हे मॅडमकडे गेले. त्यांनी कपाटातून जुना दगड काढला, दोघांनी आळीपाळीने बघितलं. चित्रातला हात उजवाच होता, न उलटवलेला. नवी जात वगैरे काही नव्हती. बहिणीला काय सांगू, शेजारणीला काय सांगू, काही सुचेना. महिनाभर मी कुणाचे फोनच घेतले नाहीत.

हे रिटायर झाल्यावर टपालाने संग्रहालयाचं एक पातळसं पुस्तक आलं. शेवटच्या पानावर चार ओळींची दुरुस्ती होती. जुन्या चित्रात उजवा हात डावा म्हणून छापला गेला, ती चूक चित्रकाराची, आणि चूक शोधली तीही त्यांनीच. पुढे ह्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"बघ," हे म्हणाले, "पूर्ण नाव छापलंय." आणि लहान मुलासारखे हसले.

हसावं की रडावं मला कळेना. मी दोन्ही केलं. मग ते पान काचेत बसवून आणलं आणि विचारलं, कुठे लावू.

"दाराच्या डावीकडे," म्हणाले, आणि बोट दाखवलं उजवीकडे. बोट होतं तिथेच मी खिळा ठोकला.