एका खरखरीच्या पाठीमागे: नागपूर ते छिंदवाडा

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी माझ्या पत्नीला मोटरसायकलवरून छिंदवाड्याला नेलं. तिथल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची जागा होती आणि दुपारी दोनला मुलाखत. कमल बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर तिला आलेलं हे पहिलंच बोलावणं. इतवारीहून छोट्या लाईनची गाडी जायची आणि आदल्या दिवशी त्या गाडीने जावं असं तिने सुचवलंही होतं. पण मी त्या वर्षी चौकाचौकांत ‘स्त्रीने आता पुढे बसलं पाहिजे’ या विषयावर बोलत होतो. अशा माणसाने बायकोला आगगाडीच्या डब्यात कोंबून पाठवणं मला विचारांशी गद्दारी वाटली. म्हणून मी तिला मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसवलं आणि सकाळी नागपुरातल्या आमच्या इंदोऱ्यातून निघालो.

आज हा रस्ता चौपदरी आहे, दोन-अडीच तासांत माणूस पोचतो. तेव्हा एकेरी डांबर होतं आणि समोरून ट्रक आला की आपण मुकाट्याने मातीत उतरायचं. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, पाटणसावंगीला आम्ही आलूबोंडा आणि चहा घेतला, आणि तिथून पुढे गाडीला आवाज सुटला. खर्रर्र-टक. खर्रर्र-टक. वेग वाढवला की आवाजही घाई करायचा.

“काहीतरी घासून राहिलं जी,” कमल मागून म्हणाली.

“घाबरू नको. प्रत्येक परिणामाला कारण असतं,” मी म्हणालो. हे वाक्य मी सभेतही घ्यायचो, टाळ्या पडायच्या.

जुन्या गाडीवाल्या वाचकांसाठी माझी पद्धत सांगतो, कारण ती आजही बरोबर आहे. उतारावर मी क्लच दाबला, इंजिन बंद केलं. गाडी घरंगळत राहिली आणि आवाज चालूच राहिला. म्हणजे इंजिन निर्दोष. जे काही होतं ते चाकाबरोबर फिरत होतं: साखळी, तिचं दातेरी चक्र, नाहीतर चाकाची बेअरिंग. एका संशयिताला मोकळं करून मला जो आनंद झाला तो कमलला झालेला दिसला नाही. तिने फक्त घड्याळ पाहिलं.

सावनेरला पंपाशेजारी रामभाऊ मिस्त्रीचं दुकान होतं. कमल उतरली, बाजूच्या लाकडी पेटीवर बसली. रामभाऊने साखळी ताणली, तेल सोडलं, एकटाच चक्कर मारून आला.

“आवाज नाही गा भाऊ. तुमचे कान वाजून राहिले.”

मीही एकटा चक्कर मारून आलो. खरंच आवाज नव्हता. रामभाऊचे पैसे दिले, कमल बसली, निघालो. गावाची वेस ओलांडायच्या आत: खर्रर्र-टक.

सौंसरपर्यंत दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे होते. ते पाहायला हवे होते. मी वाकून चाकाकडे पाहत होतो आणि कमल मला रस्त्याकडे पाहायला सांगत होती. सौंसरच्या बसस्टँडसमोर कय्यूम मिस्त्री भेटले. दाढीवाले, जाणकार, आणि वाद घालायला राजी, म्हणजे माझ्या आवडीचे. कमल पुन्हा उतरली. टपरीच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली.

कय्यूमभाई एकटे जाऊन आले. शांत. मग मी म्हणालो, “वजनाने होत असेल. प्रयोग पूर्ण करा.” त्यांना मी मागे बसवलं. ते पाय दोन्हीकडे टाकून ऐसपैस बसले, आम्ही पुढच्या रामाकोना गावाच्या दिशेने जाऊन परत आलो. तरी शांत.

“वजन का लफडा नहीं,” ते म्हणाले. “आप और मैं मिलके तो बैल हो गये.”

मग वजनही निर्दोष ठरलं. टपरीवर आता बरीच माणसं जमली होती. लोक जमले की मला बोलावंसं वाटतं. निरीक्षण आणि अंधश्रद्धा यांतला फरक मी त्यांना समजावून सांगू लागलो. कोणी म्हणालं बेअरिंग, कोणी म्हणालं साखळीच बदला, एकाने हँडलला लिंबू बांधायला सांगितलं. त्याच्यावर मी चांगलाच बरसलो. बरसत असतानाच बाकावरून कमल उठलेली दिसली. स्टँडवर छिंदवाड्याची बस सुरू होऊन थरथरत उभी होती.

“तुमी गाडी पाहा. मी जाते.”

“अगं, पाचच मिनिटं! आता बेअरिंगच उरलं आहे.”

“पाटणसावंगीपासून पाचच मिनिटं चालू हायेत.” ती बसमध्ये चढली. कंडक्टरने घंटी मारली.

“वहिनी तर निघाल्या गा,” लिंबूवाला म्हणाला. त्याला फार बरं वाटलेलं दिसलं.

आम्ही बेअरिंग बदललं. पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. सागाचं जंगल, वळणावळणाचा चढ, माकडं. आजही तिथे हळू चालवा आणि थांबा. माझी गाडी त्या घाटातून रेशमासारखी वर गेली. बेअरिंगच होतं तर! उमरानाला गावापर्यंत मी मोठ्याने भाषण करत गेलो. शाळेपाशी पोचलो तेव्हा चार वाजत होते आणि कमल फाटकाबाहेर कडुलिंबाखाली संत्रं सोलत उभी होती.

“बेअरिंग होतं!” मी लांबूनच ओरडलो.

त्या रात्री स्टँडजवळच्या लॉजमध्ये राहिलो. खाणावळीतली तुरीची डाळ उत्तम होती. बेअरिंगचा विषय जेवणभर पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. लॉजच्या फाटकापासूनच: खर्रर्र-टक.

घाटाच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. “उतर.”

“नाही उतरत. काल दिवसभर मी उतरूनच राहिली. बसल्या बसल्या पाहा काय पाहायचं ते.”

ती हटून बसली तेव्हा माझा नाइलाज झाला. तिच्यासकट गाडी मधल्या स्टँडवर चढवली, घामाघूम झालो, आणि मागचं चाक हाताने फिरवलं. खर्रर्र-टक. साडी नेसलेल्या बायका डावीकडे पाय सोडून एका अंगाने बसतात. त्यांच्यासाठी डावीकडे पाय टेकायची पट्टी असते. ती ज्या पत्र्याला जोडलेली होती, त्याचा आतला बोल्ट तुटलेला होता. कमलचे पाय टेकले की पत्रा आत दबून साखळीला घासायचा. साखळीचा जोड आला की टक. रामभाऊ, कय्यूमभाई आणि मी, आमच्यापैकी एकही जण तसा बसत नव्हता. आणि जी बसत होती तिला प्रत्येक तपासणीच्या आधी आम्ही अदबीने खाली उतरवत होतो.

मी तिथेच आडवा झालो आणि पत्रा बाहेर ताणून तारेने बांधू लागलो. एक ट्रक वेग कमी करत गेला. “भाऊ, चालू कर ना गाडी, वहिनी केव्हाची बसून आहे!”

“त्यायले जमून राहिलं आता,” कमलने ट्रकवाल्याला सांगितलं.

त्यानंतर नागपूरपर्यंत गाडी शांत होती. मी नव्हतो. निदान कसं करावं, परिस्थिती जशीच्या तशी ठेवूनच दोष का शोधावा, हे मी तिला सावनेरपर्यंत सांगितलं आणि कोराडीपर्यंत परत सांगितलं.

घरी आई दारातच उभी होती. “झालं का गा काम?”

“झालं! बोल्ट तुटला होता, आई. आम्ही उगाच बेअरिंग...”

“गाडीचं कोन इचारून राहिलं तुले? सुनेचं इचारून राहिली मी.”

मी कमलकडे वळलो. आईइतक्याच उत्सुकतेने.

“लागली नोकरी,” ती चप्पल काढत म्हणाली. “सोमवारी हजर व्हायचं हाय. तिथल्याच एका बाईंकडे खोली पाहून आली.”

या रस्त्यावरचे चांगले ढाबे, पंप, घाटातली फसवी वळणं, हे सगळं मी त्यानंतरच्या दोन वर्षांत शिकलो, दर शनिवारी जाता जाता. छिंदवाड्यात माझं एकही भाषण झालं नाही. शाळेच्या फाटकावरचा चौकीदार मला पाहिलं की आत हाक द्यायचा, “मैथवाली मैडम, आपके वो आये हैं,” आणि तास संपेपर्यंत बाहेर थांबायला सांगायचा.