बाहेरचं लाकूड

"बाहेरचं लाकूड द्या, आतलं नको," शिफ्ट सुटायच्या घाईत नवनाथने चाकणच्या मालोजीच्या वखारीत फोन करून ऐटीत सांगितलं. बहिणीचं काम मार्गी लागलं या आनंदात त्याने वर एक वडापावही खाल्ला. दुसऱ्या दिवशी निगडीजवळ सुमनताईच्या नव्या घरापुढे टेम्पो रिकामा झाला आणि तो वडापाव अंगलट आला.

फळ्या पांढुरक्या, फुलासारख्या हलक्या. काहींवर काळ्या शाईत छत्री, पेला आणि कुठल्याशा देशाची अक्षरं. ताईने एक फळी नाकाला लावली आणि तिचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला.

तो वास तिच्या ओळखीचा होता. अहमदपूरकडून आल्यावर तिने चाकणला पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ टाकली. परदेशी मशिनींची खोकी फुटली की हेच लाकूड स्वस्तात मिळायचं, आणि तिची चूल त्यावरच चालायची. कामगार तिला 'पत्र्याची ताई' म्हणायचे. पुढे खानावळ पक्की झाली, नाव मात्र पत्र्याचंच राहिलं. म्हणून वास्तुशांतीआधी दर्शनी भिंतीला लाकूड लावायचंच, असं तिने मनाशी ठरवलं होतं. रस्त्यावरून बघणाऱ्याच्या तोंडून पत्रा कायमचा उतरला पाहिजे.

"ज्याच्यावर तुमच्या भाकरी भाजल्या, ते सरपण माझ्या घराच्या तोंडाला लावतो व्हय रे?"

"पॉलिश मारलं की कळणार नाही, ताई."

"आधी तुझ्या अकलेला मार."

मग दोघं मोटारसायकलवरून चाकणला निघाली. तळवड्याच्या कोंडीत गाडी थांबली, ताई थांबली नाही. शेजारच्या रिक्षावाल्याने इंजिन बंद करून नवनाथच्या बालपणापासूनचा सगळा उद्धार ऐकला.

वखारीत चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत ताईने मालोजीला चोर म्हटलं. एकदा म्हणून भागेना, तेव्हा पुन्हा म्हटलं. बाईमाणूस बघून सरपण खपवतो, गावाकडचं माणूस असं कधी करत नाही, असंही सुनावलं. मालोजीने पान थुंकून शांतपणे नवनाथला विचारलं, "भाऊ, फोनवर काय मागितलंत?"

"बाहेरचं. आतलं नको."

"बरोबर. आमच्यात बाहेरचं म्हणजे फॉरेनचं. मी फॉरेनचं दिलं."

"अहो, बाहेरचं म्हणजे भिंतीच्या बाहेरून लावायचं!"

गिऱ्हाइकं खो खो हसली. ताईचा राग मालोजीवरून सुटला आणि दुप्पट होऊन भावावर बसला. "दोन वाक्यं जास्त बोलला असतास तर जीभ झिजली असती का?"

मालोजीने खळखळ न करता फळ्या परत न्यायचं कबूल केलं आणि सागाचा ढीग दाखवला. ताई तिथेही घुश्शातच होती. ज्या फळीला कच्च्या लाकडाची पांढरी कड दिसे ती बाजूला आपटायची. गाभ्याची, तपकिरी, वजनदार फळीच तिने ठेवली. पाऊस भिंतीच्या खालच्या टोकाला आधी खातो, म्हणून तिथल्या फळ्या मालोजीने स्वतःच्या हाताने निवडून दिल्या. ताई त्याच्याकडे न बघता "हं" म्हणाली.

वास्तुशांतीला भिंत तेल पिऊन लालसर झळकत होती. खानावळीतली जुनी पोरं फाटकात थबकून वर बघत राहिली. "सागाच्या ताईकडं आलोय," असं एकजण फोनवर म्हणाला, तेव्हा ताईने उगाच पदर नीट केला.

मालोजीही आला. ताईने त्याला आग्रहाने दोनदा पुरणपोळी वाढली, वर तूपही सढळ ओतलं. तो गेल्यावर नवनाथ हळूच म्हणाला, "ताई, ते चोर म्हटलेलं मागं घ्यायचं राहिलं की."

"पोळी वाढली ना?"

"पोळीत ते येत नाही."

"मग घेईन कधीतरी. आधी तुझ्यावरचा राग संपू दे," ती म्हणाली आणि उरलेलं तूप झाकायला आत गेली.